भांड्यांचं दुकान आहे आणि ऑनलाइन विकायचंय? मग जीएसटीचं हे आधी वाचा

"ऑनलाइनवाल्यांना टॅक्स नसतो हो, म्हणून त्यांना परवडतं." नाशिकच्या भांडी बाजारात कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहा, हे कानावर येणारच. मी दुकानदारांची रिटर्न भरायचं काम करतो त्यामुळे मला तर रोजच ऐकावं लागतं. आणि हे खरं नाहीये. १ जुलै २०१७ पासून तोच डबा दुकानातून घ्या नाहीतर मोबाईलवरून मागवा, टॅक्सचा रेट एकच. उलट महाराष्ट्रातल्या गिऱ्हाईकाने गुरुग्रामच्या गोडाऊनमधून काही मागवलं तर त्यावरच्या आयजीएसटीतला (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) राज्याचा वाटा महाराष्ट्राला येतो, पूर्वी सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, होता तेव्हा तो विकणाऱ्याच्या राज्यात जायचा.

अमेरिकेतल्या दुकानदारांची ही तक्रार मात्र बरीच वर्षं खरी होती. तिकडे १९९२ च्या एका निकालामुळे ज्या कंपनीचं राज्यात दुकान-गोडाऊन काही नाही तिच्याकडून राज्याला सेल्स टॅक्स गोळा करून घेता येत नव्हता, ते बदललं जून २०१८ मध्ये, साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात. आपल्याकडे दुखणं वेगळं आहे. गिऱ्हाईकाला टॅक्स सारखाच, पण छोट्या दुकानदाराने स्वतः ऑनलाइन उतरायचं म्हटलं की रजिस्ट्रेशन, राज्याची हद्द आणि अडकलेला पैसा हे तिन्ही एकदम अंगावर येतात. तर ते कसं सांभाळायचं ते सांगतो, उदाहरण स्टीलच्या भांड्यांचं घेतो, तुमचा धंदा दुसरा असला तर रेट बदलेल, पद्धत तीच.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, माल महाराष्ट्राबाहेर पाठवणार का? बाकी सगळं यावर अवलंबून आहे. नाशिकहून गडचिरोलीला पार्सल गेलं, अख्खं राज्य ओलांडून, तरी ते राज्यातलंच. तेच वापीला गेलं, जे त्या मानाने इथेच आहे, की झालं इंटरस्टेट. कोल्हापूरवाल्याला बेळगावची ऑर्डर, सावंतवाडीवाल्याला पणजीची, तेच. आणि मालाची इंटरस्टेट विक्री करायची तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नंबर घ्यावा लागतो. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे पण फॅक्टरीतून आलेली स्टीलची भांडी त्यात बसत नाहीत.

बाहेर पाठवणारच नसाल आणि वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर नंबर न घेताही प्लॅटफॉर्मवर विकता येतं. ही सवलत १ ऑक्टोबर २०२३ पासूनची, त्याआधी अशा प्लॅटफॉर्मवर एक चमचा विकायचा तरी रजिस्ट्रेशन सक्तीचं होतं, म्हणजे शेजारचा तेवढ्याच धंद्याचा दुकानदार काउंटरवर बिनधास्त विकतोय आणि तुम्ही ऑनलाइन गेलात म्हणून महिन्याला रिटर्न. बऱ्याच लोकांनी तेव्हा नाद सोडला तो सोडलाच, नियम बदललाय हे अजून त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. करायचं एवढंच की जीएसटी पोर्टलवर पॅन, धंद्याचा पत्ता आणि राज्य भरून एनरोलमेंट नंबर घ्यायचा, विक्री सुरू करायच्या आधी, नंतर नाही. हा जीएसटी नंबर नव्हे, याच्यावर टॅक्स लावता येत नाही, रिटर्नही नाही. प्लॅटफॉर्मला हा नंबर द्यायचा आणि सेटिंगमध्ये डिलिव्हरी फक्त महाराष्ट्रात ठेवलीये ना ते स्वतः बघायचं.

उलाढाल म्हणजे ऑनलाइनची नाही हं, एकूण. काउंटरची रोख, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, टॅक्स नसलेला माल, त्याच पॅनवर दुसरा काही धंदा असेल तर तोही, सगळं धरून ४० लाख. "ते घरच्यांच्या खात्यावर येतं" वगैरे मला सांगू नका. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या तेव्हा बेंगळुरूत किती गोंधळ झाला ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंय.

मधला एक रस्ता म्हणजे कंपोझिशन, छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना. व्यापाऱ्याला उलाढालीच्या १ टक्का भरायचा, मर्यादा दीड कोटी, आणि ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यालाही प्लॅटफॉर्मवर विकता येतं, पण इथेही फक्त राज्यात. गिऱ्हाईकाकडून टॅक्स वेगळा घ्यायचा नाही, टॅक्स इनव्हॉइस नाही तर बिल ऑफ सप्लाय (टॅक्स न दाखवलेलं बिल) द्यायचं, आणि खरेदीवरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीला भरलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा करायची सोय, विसरायचं. हे शेवटचं ऑनलाइनमध्ये जास्त झोंबतं, कारण खाली आकड्यांत दिसेल.

पूर्ण जीएसटी नंबर घ्यायचा ठरला तर पोर्टलवर फी काही नाही, पॅन, आधार, फोटो, दुकानाचं लाइट बिल किंवा भाडेकरार आणि बँकेचा तपशील लागतो. भाड्याचं दुकान असेल तर मालकाचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवा, अर्ज तिथेच लटकतो. आणि नंबर मिळाल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे आधीच्या स्टॉकवरचं क्रेडिट. नंबर मिळाल्यापासून ३० दिवसांत आयटीसी-०१ फॉर्म भरला तर दुकानात पडून असलेल्या मालावर भरलेला टॅक्स क्रेडिट म्हणून मिळू शकतो, अट ही की अर्ज वेळेत केलेला हवा आणि पक्की बिलं हवीत, ती एक वर्षाच्या आतली. कच्च्या बिलावर घेतलेल्या मालाचं काही होत नाही, ते सोडून द्या.

आता बिल. गिऱ्हाईकाला स्क्रीनवर जी किंमत दिसते ती टॅक्स धरून असते, त्यामुळे उलटा हिशोब करावा लागतो. स्टीलची भांडी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांत आली, आधी १२ होते. मिक्सर १८ टक्क्यांतच आहे. तुमची जुनी लिस्टिंग असेल तर आत्ता उठून टॅक्स कोड तपासा, कारण तिथे १२ राहिला असेल तर बिल १२ नेच फाटतंय आणि गिऱ्हाईकाकडून टॅक्स म्हणून घेतलेला पैसा सरकारला भरावाच लागतो, "चुकून घेतला" म्हणून तो तुमचा होत नाही.

माल जिथे पोचतो त्यावरून कुठला टॅक्स ते ठरतं. डब्यांचा सेट १०५० ला, म्हणजे १००० किंमत आणि ५० टॅक्स. पुण्याला गेला तर २५ सीजीएसटी (केंद्राचा), २५ एसजीएसटी (राज्याचा). इंदूरला गेला तर ५० आयजीएसटी. पुण्यातल्या भाचीने ऑर्डर केली, पैसे तिने दिले, पण पार्सल इंदूरच्या मावशीला पाठवायचंय, तर? आयजीएसटी, डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, बिलावरचा नाही. दिवाळीत अशा ऑर्डरी बऱ्याच येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकणारे दुकानदार त्या डोळे झाकून महाराष्ट्रात टाकतात.

टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीतून आधीच कापतो तो टॅक्स, याचा घोळ सगळ्यांचा होतो म्हणून नीट सांगतो. प्लॅटफॉर्म तुमचा जीएसटी भरत नाही. तो फक्त निव्वळ विक्रीवर, म्हणजे परत आलेला माल वजा करून आणि टॅक्स सोडून, ०.५ टक्का कापून तुमच्या नावावर सरकारकडे ठेवतो. १० जुलै २०२४ च्या आधी हा १ टक्का होता. तो पैसा तुमचाच आहे पण आपोआप येत नाही, पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन तो स्वीकारावा लागतो, मग तो कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात, जमा होतो. कित्येकांचा तिथे वर्षानुवर्षं पडून असतो. जीएसटीची पूर्ण जबाबदारी तुमची, हॉटेलवाले सोडून, त्यांचं वेगळं आहे, फूड डिलिव्हरी अ‍ॅपवरच्या जेवणाचा टॅक्स जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपच भरतं. शिवाय इन्कम टॅक्सचा टीडीएस ०.१ टक्का कापला जातो, तो वेगळा, तो इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये घ्यायचा.

आता खरी मजा, वही काढा. तोच सेट, १०५० ला विकला, खरेदी ६०० अधिक ३० टॅक्स. कमिशन १२ टक्के आणि कुरिअर ८० धरू, तुमचे आकडे वेगळे असतील. कमिशन १२६, त्यावर १८ टक्क्यांनी २२.६८. कुरिअर ८०, त्यावर १४.४०. टीसीएस ५, टीडीएस साधारण १ रुपया. खात्यात येतात ८००.९२. ज्याच्याकडून माल घेतला त्या व्यापाऱ्याचे ६३० दिले, हातात १७०.९२. आता जीएसटी बघा, विक्रीवर ५० द्यायचे, पण क्रेडिट खरेदीचं ३० आणि कमिशन-कुरिअरचं ३७.०८, मिळून ६७.०८. म्हणजे द्यायचं काही नाहीच, उलट १७.०८ पडून राहिले. वहीत नफा १९४, हातात १७१, बाकीचे २३ सरकारदरबारी. महिन्याला असे पाचशे सेट गेले तर साडेअकरा हजार रुपये अडकले, ते पण दर महिन्याला.

नंबर न घेतलेल्याला याच सेटवर साधारण १७७ सुटतात आणि कंपोझिशनवाल्याला १६६, कारण त्यांना १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतच नाही, तो खर्चात जातो. (टीसीएस-टीडीएस यात धरलेला नाही, तो परत मिळतो.) म्हणजे नुसतं "टॅक्स वाचतो" म्हणून नंबर टाळणं प्रत्येक वेळी फायद्याचं नाही.

पण इथेच काउंटरवाल्याचा एक फायदा लपलाय जो मला कुणी बोललेला ऐकू येत नाही. तोच सेट काउंटरवर १०५० ला गेला तर ५० मधून खरेदीचे ३० वजा जाऊन २० रुपये टॅक्स भरायचा असतो. या २० पैकी १७ तुम्ही ऑनलाइनच्या अडकलेल्या क्रेडिटमधून फेडू शकता. नुसता ऑनलाइन विकणारा, ज्याला दुकानच नाही, त्याचं क्रेडिट साचतच जातं आणि कमिशन-कुरिअरसारख्या सेवांवरच्या अशा साचलेल्या क्रेडिटचा रिफंड मिळत नाही. तुमचं मात्र काउंटर चालू असेल तर मुरत नाही. आणि काउंटरवर गिऱ्हाईकाला ५० रुपये सोडून हजाराला दिला तरी सुटतात ३५२, त्यातून भाडं, पोऱ्याचा पगार जातो मान्य, पण ते ऑनलाइन विकलं तरी जातच असतं. म्हणून माझं मत विचाराल तर जे गिऱ्हाईक दुकानात येऊन मोबाईल दाखवून "इथे एवढ्याला आहे" म्हणतं त्याला तोंड वाकडं करून परत पाठवू नका, तुमच्याकडे सोडायला जागा आहे, ऑनलाइनवाल्याकडे नाही. प्लॅटफॉर्मवर तेच विका जे तुमच्या गल्लीत खपत नाही.

गोडाऊनचं एक सांगायचं राहिलं. प्लॅटफॉर्मवाले फोन करतात, माल आमच्या गोडाऊनला ठेवा, डिलिव्हरी लवकर होईल. गोडाऊन भिवंडीला असेल तर ते तुमच्या रजिस्ट्रेशनमध्ये धंद्याची जादा जागा म्हणून जोडून घ्या, काम झालं. पण कर्नाटकातलं किंवा हरियाणातलं असेल तर तिथलं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी रिटर्न, आणि इथून तिथे माल पाठवताना स्वतःच स्वतःला टॅक्स लावलेलं बिल करायचं. एका दुकानाचा धंदा असलेल्याने या भानगडीत पडू नये.

रिटर्नचं, ५ कोटींच्या आत असाल तर तिमाही घेता येतं पण टॅक्स दर महिन्याला भरायचाच. जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, बाहेरच्या राज्यातली किरकोळ विक्री राज्यवार टाका, आणि प्लॅटफॉर्ममार्फत झालेली विक्री टेबल १४ मध्ये त्या प्लॅटफॉर्मच्या जीएसटी नंबरखाली पुन्हा दाखवा. प्लॅटफॉर्म त्याच्या जीएसटीआर-८ मध्ये (टीसीएसचं रिटर्न) तुमचा आकडा १० तारखेपर्यंत टाकतो, तो आणि तुमचा जुळला पाहिजे. जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं, परत आलेली पार्सलं. विक्री मार्चमधली, पार्सल परत आलं एप्रिलमध्ये, तुम्ही मार्चमधून वजा केलं आणि त्यांनी एप्रिलमधून. म्हणून माल ज्या महिन्यात परत आला त्या महिन्यात क्रेडिट नोट (विक्री कमी केल्याची चिठ्ठी) करा आणि सेलर पॅनेलवरून सेल्स रिपोर्ट, परत आलेल्या मालाचा रिपोर्ट, कमिशनची बिलं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उतरवून ठेवा. कमिशनच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर आहे ना ते तेव्हाच बघा, नसेल तर ते २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत, दिसणार नाही आणि वर जे ३७ रुपये आपण धरलेत ते गेले. अशी बिलं आठवड्याभरात पकडली तर दुरुस्त करून मागता येतात, वर्षाअखेरीला कस्टमर केअरशी भांडत बसायची वेळ येते.