सिंकखालचं कपाट फुगलंय? पॉलिश मारण्याआधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की मुंबईत घरोघरी एकच घाई: किचन जरा चकाचक करून घेऊ. लाकडाच्या कामाला याहून वाईट मुहूर्त नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. भिजलेलं लाकूड वाळत नाही, आणि वर मारलेलं मेलामाइन (थिनर घालून मारायचं लाकडाचं पॉलिश) पांढरट पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं. ते दुधाळ सावट दिसलं की आपण मिस्त्रीवर डाफरतो, पण दोष हवेचा असतो. काम ऑक्टोबरवर ढकला. फुगलेल्या शटरमुळे बाप्पा रुसत नाही.

पाणी कुठून येतंय हे न शोधताच सुतार बोलावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सिंकखाली वर्तमानपत्र पसरा, सिंक काठोकाठ भरा आणि पाणी एकदम सोडा. बॉटल ट्रॅपखाली, म्हणजे सिंकच्या पाइपला असलेल्या बाटलीसारख्या भागाखाली, कागद भिजला तर बहुतेक वेळा वॉशर बदलून भागतं. कागद कोरडा, तरी कपाट ओलं? मग सिंक आणि ओट्याच्या मधलं सिलिकॉन बघा. तेही ठीक असेल तर मागची भिंत बाथरूमची आहे का ते पाहा. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येतेय. अशा वेळी आधी प्लंबर, वरचे शेजारी, सोसायटी. सुतार सगळ्यात शेवटी.

आता मुळात माल कोणता आहे ते बघा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खालच्या कडेला दाबा. भुसा सांडला तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखा मऊ लगदा लागला तर एमडीएफ. हे एकदा फुगले की परत बसत नाहीत. घासून, लांबी (पुट्टी) भरून, वर नवा सनमायका चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात, तेही त्याच पाण्यात. ती फळी बदलाच. प्लायचे पदर सुटले असतील, पण आतलं लाकूड टणक असेल, तर पूर्ण वाळल्यावर पदरांत वॉटरप्रूफ गोंद भरून क्लॅम्प लावता येतो.

नवी फळी घेताना ‘एमआर’ शिक्क्याला भुलू नका. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा प्लाय. साचलेलं पाणी तो सोसत नाही. सिंकखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लायच हवा. पण मरीन घेऊनही लोक कापलेल्या कडा उघड्या ठेवतात, आणि पाणी शिरतं ते तिथूनच. कडा, पाइपसाठी पाडलेलं भोक आणि फळीची न दिसणारी बाजू, सगळीकडे सीलर (पाणी अडवणारा थर) मारून घ्या. एकाच बाजूला मारला तर फळी वाकते.

जुनी सागवानी कपाटं मात्र फेकू नका. कापसावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. नुसते पांढरे डाग असतील तर स्पिरिटच्या हलक्या हाताने बरेचदा जातात, अख्खं कपाट खरवडायची गरज नसते. घासायचंच असेल तर आधी फोडणीचा चिकटा साबणाच्या पाण्याने काढून कोरडं करा, नाहीतर पॉलिश पेपर तेच तेल लाकडात घुसवतो. बिजागरीचं भोक सैल झालंय? त्यात गोंद लावलेल्या काड्या ठोका, वाळू द्या, मग तोच स्क्रू पिळा.

थिनरचं काम चालू असताना गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवा, खिडक्या सताड उघड्या. देवघर शेजारीच असेल तर त्या दिवशी दिवा दुसऱ्या खोलीत लावा.