तांब्याने रक्तपेशी फुटतात तेव्हा: या चुका टाळा

रुग्ण तरुण, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन घसरलेलं, कूम्ब्स निगेटिव्ह. इथवर सगळे बरोबर येतात आणि मग 'हिमोलिसिस (रक्तपेशी फुटणं) नाही' असं लिहून मोकळे होतात. कूम्ब्स चाचणी पेशीला चिकटलेली अँटिबॉडी शोधते. तांब्याला तिची गरजच नसते. सेरुलोप्लाझ्मिनला (रक्तात तांबं बांधून ठेवणारं प्रथिन) न बांधलेलं मोकळं तांबं लाल पेशीत शिरतं, ग्लुटाथायोन (पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारा पदार्थ) संपवतं आणि ते पुन्हा भरून काढणारी एन्झाइम्सही अडवतं. पेशीच्या आवरणातल्या चरबीचं ऑक्सिडेशन होतं, बिघडलेलं हिमोग्लोबिन हाइन्झ बॉडी होऊन साचतं आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटते.

एका कॉलेजातल्या मुलीला साधी कावीळ म्हणून भरती केलं होतं. वॉर्डातून आम्हाला लॅबमध्ये फोन आला, तोही तक्रारीचा: 'एवढ्या काविळीत अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) इतकं कमी? मशीन तपासा.' मशीन ठणठणीत होतं. बिलिरुबिन प्रचंड वाढलेलं, फॉस्फेटेज मात्र खाली, यकृताच्या एन्झाइम्सपैकी एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त आणि सोबत कूम्ब्स निगेटिव्ह ॲनिमिया. यकृत निकामी होत असताना हे चित्र दिसलं की विल्सन आजार (शरीरात तांबं साचवणारा आनुवंशिक आजार) आधी डोक्यात यायला हवा. तो आलाही होता, पण सेरुलोप्लाझ्मिन नॉर्मल आलं म्हणून खोडला गेला. सूज असली की सेरुलोप्लाझ्मिन वाढतं, त्यामुळे नॉर्मल आकड्यावर विसंबू नये. लघवीतलं तांबं मोजायला लावलं तेव्हा खरा प्रकार कळला. या टप्प्यावर बहुतेक वेळा यकृत प्रत्यारोपणच वाचवतं. तिच्या बाबतीत ती धावपळ उशिरा सुरू झाली. मी स्वतः फॉस्फेटेज आणि बिलिरुबिन एकाच नजरेत वाचतो. फॉस्फेटेजला बिलिरुबिनने भागून आकडा 4 च्या खाली आला की रिपोर्ट पाठवण्याआधी फोन करतो.

मोरचूद (कॉपर सल्फेट) पोटात गेलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशीचं हिमोग्लोबिन बघून घरी पाठवू नका. पेशी फुटणं 24 तास उलटल्यावरही सुरू होऊ शकतं.

ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकलाय, ऑक्सिजन देऊनही हलत नाही आणि रक्त चॉकलेटी दिसतंय? मेथहिमोग्लोबिन (तांब्याने बिघडलेलं, ऑक्सिजन न वाहणारं हिमोग्लोबिन) मोजा. त्यावरचं औषध, मिथिलीन ब्लू, देण्याची घाई असतेच सगळ्यांना. पण जी-सिक्स-पीडीची (लाल पेशीला वाचवणारं एन्झाइम) कमतरता असेल तर त्यानेच आणखी पेशी फुटतात.

आणि लीशमनच्या (नेहमीच्या रक्ततपासणीतला रंग) स्लाइडवर हाइन्झ बॉडी शोधत बसू नका. त्या तिथे दिसत नाहीत. सुप्राव्हायटल स्टेन (न सुकवलेल्या, जिवंत पेशींना दिलेला रंग) करा, तोही ताज्या रक्तावर.