रोव्हर पेटीत भरण्यापूर्वी

स्पर्धेच्या ठिकाणी रोव्हर (खडबडीत जमिनीवर दुरून चालवायची चाकांची यंत्रगाडी) सुट्या भागांत पोहोचतो आणि अनोळखी जागी, अपुऱ्या वेळात पुन्हा उभा करावा लागतो. म्हणून निघण्याच्या तीन आठवडे आधी नवे काही बसवणे थांबवावे, आणि उरलेला वेळ रोव्हर पूर्ण सुटा करून पुन्हा जोडण्याच्या सरावाला द्यावा. हा सराव ज्याने तो भाग बनवला त्याच्याकडून करून घेऊ नये, कारण कोणती तार कुठे जाते हे त्याला पाठ असते. बाकीच्यांना तारांवर आणि भागांवर केलेल्या नुसत्या खुणांवरून जोडता आले, तरच त्या खुणा पुरेशा आहेत असे समजावे.

वजन बॅटऱ्या, तारा आणि अँटेनासह करावे. अमेरिकेतील यूटा राज्याच्या वाळवंटात होणाऱ्या युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंजमध्ये मैदानात उतरलेल्या रोव्हरला ५० किलोची मर्यादा असते, तर सर्व फेऱ्यांसाठी लागणाऱ्या भागांसह ती ७० किलो असते. ऐनवेळी लावलेले ब्रॅकेट आणि पट्ट्या एकेकट्या क्षुल्लक वाटतात, पण एकत्र तोलल्यावर घात करतात.

सर्वाधिक काळजी बॅटरीची घ्यावी. सहा सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा दर्शनी विद्युतदाब (व्होल्टेज) २२.२ व्होल्ट असतो. तिची क्षमता १० अँपिअर-तास असल्यास ऊर्जा २२२ वॉट-तास होते, आणि १६० वॉट-तासांपुढची बॅटरी प्रवासी विमानातील सामानात नेताच येत नाही. १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. त्यामुळे ४.५ अँपिअर-तासांच्या, म्हणजे ९९.९ वॉट-तासांच्या बॅटऱ्या घेऊन त्या समांतर जोडण्याची रचना सुरुवातीलाच ठरवावी (हा निर्णय शेवटच्या महिन्यात घेतल्यास चौकटीत जागाच उरत नाही), आणि जोडण्यापूर्वी त्यांचा दाब सारखा असल्याची खात्री करावी. प्रवासात प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा, टोके चिकटपट्टीने झाकावीत, बॅटऱ्या हातसामानातच न्याव्यात आणि एकूण किती चालतील हे कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

संपर्क यंत्रणेची चाचणी प्रयोगशाळेच्या आवारात घेऊन समाधान मानू नये. चालकांना रोव्हर दिसणार नाही असे बसवून, मध्ये उंचवटा येईल अशा जागी ती घ्यावी. कोणता वारंवारता पट्टा चालतो हे त्या देशाच्या नियमांवर अवलंबून असते. ९१५ मेगाहर्ट्झचे रेडिओ अमेरिकेत चालतात, युरोपात बहुधा ८६८ मेगाहर्ट्झचे लागतात. संपर्क तुटल्यावर चाके आपोआप थांबतात का, हे रोव्हर चालू असताना अँटेना काढून पाहावे. आणीबाणीचे लाल बटणही पूर्ण भाराखाली दाबून पाहावे, उभ्या यंत्रावर नव्हे.

सुट्या भागांत मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणारे सर्किट) आणि कनेक्टर दुप्पट घ्यावेत, कारण चाकांपेक्षा तेच आधी जातात. कंपनांनी सैल होणाऱ्या स्क्रूंना लॉकिंग द्रव लावावा. मुख्य संगणकाच्या मेमरी कार्डाची चालवून पाहिलेली दुसरी प्रत वेगळ्या सदस्याच्या पिशवीत ठेवावी, आणि तारा डाग देऊन जोडण्याचे बॅटरीवर चालणारे सोल्डरिंग आयर्न पेटीच्या तळाशी नव्हे, तर अगदी वर ठेवावे.