घराबाहेरचे दिवे कसे लावावेत: आधी अंधार कुठे हवा ते ठरवा

आमचं घर बोरिवली पश्चिमेला, गोराईच्या अंगाला. रो-हाउस. पुढे तीन रिक्षा उभ्या राहतील एवढं अंगण, एका कोपऱ्यात नारळ, दुसऱ्या कोपऱ्यात चाफा, ओट्यासमोर तुळशीवृंदावन आणि कुंपणाला लागून अबोली-जास्वंदीच्या कुंड्या. बाहेर जरा उजेड हवा म्हणून मी एकदा गच्चीच्या कठड्याला ५० वॅटचा पांढरा फ्लडलाइट ठोकला. त्या रात्री अंगण रेल्वे यार्डासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकूंनी विचारलं, "काय रे, चोरीबिरी झाली की काय तुमच्याकडे?"

फ्लडलाइट उतरवला आणि सगळं पहिल्यापासून केलं. त्यातून शिकलेलं इथे क्रमाने लिहितोय. पार्ल्यातला जुना बंगला असो, मुलुंडमधल्या तळमजल्याच्या फ्लॅटपुढची पट्टी असो की गच्चीवरची बाग, पद्धत तीच.

१. दुकानात जाण्याआधी एक रात्र टॉर्च घेऊन फिरा

साडेआठनंतर घराबाहेरचे सगळे दिवे बंद करा. सोबत एक माणूस आणि दोन टॉर्च घ्या. एकाने टॉर्च झाडाखाली, भिंतीलगत, पायरीशी धरायचा. दुसऱ्याने गेटात, ओट्यावर आणि हॉलच्या खिडकीत उभं राहून पाहायचं. टॉर्च हातभर पुढेमागे केला की झाडाचं रूप किती बदलतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कॅटलॉगमधल्या फोटोंची भुरळ पडत नाही.

मग कागदावर अंगणाचा कच्चा नकाशा काढा. जिथे पाय पडतात त्या जागा आधी: पायऱ्या, गेटची कडी, पाण्याच्या मीटरचं उंच झाकण. मग पाहायला आवडेल असं काहीतरी, तेही दोन किंवा फार तर तीन ठिकाणी. आणि जे दिसू नये ते काळ्या पेनने खोडून टाका: पाण्याची टाकी, एसीचा बाहेरचा डबा, वाळत घातलेले कपडे, शेजाऱ्यांची बेडरूमची खिडकी. या काळ्या भागाकडे दिवा वळवायचाच नाही. अंधार शिल्लक राहिला तरच उजळलेला चाफा उठून दिसतो. सगळंच उजळलं तर नजर कुठेच ठरत नाही.

२. रंग ठरवा, आणि तो एकच ठेवा

खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे 'वॉर्म', पिवळसर. ६५०० म्हणजे 'डेलाइट', दवाखान्यासारखा निळसर पांढरा. दुकानदार बहुधा पांढरा पुढे करतो, कारण तितक्याच वॅटमध्ये तो डोळ्यांना जास्त भगभगीत वाटतो. बागेसाठी तो नको. माणसाचा चेहरा, वीट, जांभा दगड, लाकडी दार हे सगळं पिवळसर उजेडात जिवंत दिसतं. शिवाय निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात, आणि जून-जुलैच्या पाखरांची ज्यांना आठवण आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. एक दिवा २७००चा आणि शेजारचा ४०००चा असं झालं तर मात्र काहीतरी चुकल्यासारखं सारखं वाटत राहतं.

३. उजेड दिसावा, बल्ब दिसू नये

पहिली चूक बहुतेक सगळे इथेच करतात. दिवा डोळ्यांत घुसला की डोळ्याची बाहुली आकसते आणि आजूबाजूचं सगळं आणखी काळं दिसतं. म्हणून दिवा कुंडीमागे, झुडपात, पायरीच्या ओठाखाली लपवा, किंवा ज्याला पुढे टोपी आहे असा घ्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाठीकडून उजेड पडेल अशी दिशा ठेवा.

झाडांसाठी जमिनीत खुपसायचे स्पाइक लाइट सोयीचे. रोज थोडे हलवून पाहता येतात. दिव्यातून निघणाऱ्या झोताचा कोन, म्हणजे बीम अँगल, वॅटपेक्षा जास्त महत्त्वाचा. २४ अंशांचा झोत दोन मीटर अंतरावर साधारण ८५ सेंटीमीटर रुंद पडतो, ६० अंशांचा सव्वादोन मीटरच्या पुढे जातो. पसरलेल्या चाफ्याला रुंद झोत चांगला. नारळाला रुंद झोत दिला तर अर्धा उजेड आकाशात आणि उरलेला वरच्या मजल्याच्या खिडकीत जातो. त्याला १५ अंशांचा अरुंद झोत खोडाला धरून सोडा, दहा मीटरवर तो अडीच-पावणेतीन मीटर पसरतो आणि झावळ्यांपुरता पुरतो. स्पाइक नारळाच्या घडाखाली मात्र रोवू नका. माझा पहिला दिवा पावसाने नाही, वरून पडलेल्या नारळाने फुटला.

चाफ्याची गंमत वेगळी. थंडीत पानं झडली की नुसत्या फांद्या उरतात. दिवा झाडासमोर खाली ठेवून मागच्या भिंतीवर सावली पाडली तर पाच वॅटमध्ये भिंतभर चित्र उमटतं. तोच दिवा झाडामागे ठेवून भिंत उजळली तर झाड काळ्या रेघांनी पुढे येतं. दोन्ही करून पाहा. माझं मत सावलीच्या बाजूने.

पायऱ्यांना दोन वॅटचे फूट लाइट, गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे. गेटच्या खांबांवर गोल पांढऱ्या हंड्या लावायची आपल्याकडे फार हौस आहे. त्या सगळीकडे सारख्या भगभगतात आणि जमिनीवर उजेड कमीच देतात. त्याऐवजी खांबाला वरून झाकलेला, खाली उजेड टाकणारा दिवा लावा, कुलूप नीट दिसतं.

४. व्होल्टेज आणि वायर

हाताला लागणाऱ्या, पाण्यात भिजणाऱ्या दिव्यांना २३० व्होल्ट नेऊ नका. १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे घ्या आणि ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्ट तेवढ्यावर उतरवणारा डबा, घरात ठेवा. माझ्या सगळ्या दिव्यांची बेरीज ३६ वॅट झाली. ड्रायव्हरवर त्याच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच भार टाकावा, म्हणून ६० वॅटचा घेतला. पुढे एखादा दिवा वाढवायलाही जागा राहते.

१२ की २४ हे वायरच्या लांबीवर ठरतं. हॉलपासून कुंपणाला वळसा घालून गेटापर्यंत वीस मीटर धरा, वायर दीड चौरस मिलिमीटर तांब्याची. सगळा भार टोकाला असेल तर १२ व्होल्टवर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच मरतो, म्हणजे बारा टक्के. गेटचा दिवा मंद आणि ओट्याजवळचा झगझगीत, अशी तक्रार येते ती यामुळे. २४ व्होल्टवर करंट निम्मा होतो आणि तूट तीन टक्क्यांवर येते. लांब पल्ला असेल तर २४ घ्या, किंवा मधून दोन फाटे काढा.

२३० व्होल्टचं जे काम असेल ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. बरेच वायरमन अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. "एमसीबी आहे ना साहेब" हे उत्तर चालवून घेऊ नका. एमसीबी शॉर्ट किंवा जास्त भार झाला की पडतो. ओल्या हाताने दिव्याला शिवलेल्या माणसातून गळणारा करंट त्याला कळत नाही, आरसीसीबीला कळतो.

५. पाऊस आणि खारा वारा

इथे पैसे वाचवू नका. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि खाडीजवळ उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं.

खोक्यावर आयपीपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसेल एवढंच. ते ओट्याच्या छपराखाली ठीक. उघड्यावर किमान ६५, आणि जिथे पाणी साचतं तिथे ६७, जो मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण आकडा पाहून थांबू नका. दिवा हातात घ्या, रबरी गॅस्केट अखंड आहे का, वायर आत शिरते तिथे ग्लँड घट्ट बसते का, स्क्रू लोखंडी आहेत की स्टीलचे, ते पाहा. पातळ पत्र्याचे रंगवलेले दिवे आमच्याकडे एका पावसाळ्यात फुगले. पितळी किंवा पावडर कोटिंग केलेले जाड ॲल्युमिनियमचे टिकतात. स्टील घेणार असाल तर समुद्राजवळ ३०४पेक्षा ३१६ ग्रेड बरं. दक्षिण मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, एक चक्कर मारली तर हे सगळं दहा दुकानांत हाताळून पाहता येतं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, एवढंच.

जमिनीत पुरायचे गोल दिवे फोटोत फार देखणे दिसतात. मी ते टाळले. बसवायचेच असतील तर खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून पाणी जिरायला वाट ठेवा.

दिवे सहसा आपणहून जात नाहीत, जॉइंट जातात. माझ्या पहिल्या वायरमनने काळी टेप गुंडाळून जॉइंट मातीत पुरले होते. पहिल्याच सरीला सर्किट पडलं आणि आठवडाभर आम्ही कोणता जॉइंट ते शोधत होतो. जॉइंट जमिनीच्या वर, वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये करा, वायर खालून आत घ्या आणि बॉक्सच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकतं. ड्रायव्हर आणि स्विच किती उंचीवर ठेवायचे हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी तुमच्या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं ते ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. त्या बोटाच्या वर.

सौर दिव्यांबद्दल विचारणारे बरेच. उन्हाच्या कुंडीत शोभेला ठीक आहेत. इमारतींच्या सावलीत आणि जुलैच्या ढगांत मात्र रात्री नऊलाच डोळे मिटतात. पायऱ्यांसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

६. वेळ

दिव्यांचे दोन गट करा आणि प्रत्येकाला वेगळा टायमर द्या. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासात होतात. म्हणून ठराविक वेळेच्या टायमरपेक्षा सूर्यास्ताप्रमाणे स्वतः सरकणारा घ्या. नाहीतर दर महिन्याला स्टूल घेऊन चढावं लागतं. ३६ वॅट रोज पाच तास म्हणजे महिन्याला साडेपाच युनिटच्याही आत, तेव्हा बिलाची भीती नाही. पण अकरानंतर झाडांवरचे दिवे बंदच करा. झाडांवर पक्षी झोपतात, आणि आरे किंवा नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्यांच्या अंगणात तर पावसाळ्याच्या तोंडाला काजवे येऊ शकतात. त्यांचं एकमेकांना खुणावणं आपल्या उजेडात हरवून जातं.

ओट्याजवळ झाकणाचा एक वॉटरप्रूफ सॉकेट आत्ताच काढून ठेवा. आकाशकंदिलासाठी खिडकीतून एक्स्टेन्शन ओढायची वेळ येत नाही.

आमच्याकडे पायऱ्या आणि गेट सूर्यास्तालाच लागतात. चाफा आणि नारळ त्यानंतर पाऊण तासाने. वृंदावनाला मी दिवा बसवलेला नाही. आई तिथे तिन्हीसांजेला पणती लावते, आणि तेवढा पाऊण तास अंगणात वर पाहण्यासारखं दुसरं काही उजळलेलं नसतं.