जाळीच्या ऑपरेशननंतर: कुठल्या तक्रारीला वेळ द्यायचा, कुठल्या नाही

खोकताना, शिंकताना, बादली उचलताना लघवी गळते म्हणून मूत्रमार्गाखाली बसवतात ती टेप म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची साधारण एक सेंटिमीटर रुंद जाळी. टीव्हीटी प्रकारात तिची टोकं जघनाच्या हाडामागून वर ओटीपोटाकडे जातात, टीओटीमध्ये दोन्ही जांघांकडे. दोन्हींचे त्रास वेगळे असतात, म्हणून आपल्याला कोणती बसवली हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या. जाळीच्या पाकिटावरचं कंपनी आणि लॉट नंबरचं स्टिकरही मागून घ्या आणि जपून ठेवा. ही जाळी एक्स-रेत दिसत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही ओळखू येत नाही. चार-पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर त्यांना याच कागदाचा आधार असतो.

लघवी तुंबणं: इथे थांबू नका

कॅथेटर काढताना चाचणी करूनच काढायला सांगा. मूत्राशयात 300 मिली सलाइन भरतात, कॅथेटर काढतात आणि लगेच लघवीला पाठवून मोजतात. 200 मिली किंवा जास्त झाली तर ठीक. घरी गेल्यावर पहिले तीन-चार दिवस खुणा असलेल्या प्लास्टिकच्या मगात लघवी मोजा आणि वेळेसकट वहीत लिहा. धार बारीक झाली, पुढे वाकल्याशिवाय किंवा उभं राहिल्याशिवाय होत नाही, करून आल्यावर दहा मिनिटांत पुन्हा लागते, अशी लक्षणं दिसली तर लघवी केल्या-केल्या सोनोग्राफीवर उरलेली लघवी मोजून घ्यावी. ती वारंवार 150 मिलीच्या वर येत असेल तर डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला.

हमखास फसायची जागा म्हणजे थेंब थेंब गळणं. घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फुकट गेलं. पण मूत्राशय तुडुंब भरून वरून सांडत असेल तरीही असंच गळतं. उरलेली लघवी मोजल्याशिवाय यातला फरक कळत नाही.

सूज, दुखणं आणि बद्धकोष्ठता ही सुरुवातीची कारणं काही दिवसांत ओसरतात. तोवर पुन्हा कॅथेटर ठेवतात किंवा स्वतः दर चार-सहा तासांनी बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात. एका वेळी 400-500 मिलीपेक्षा जास्त साचू देऊ नका. मूत्राशय फार ताणलं की त्याचा स्नायू ढिला पडतो आणि मग टेप सैल करूनही लघवी नीट होत नाही. कुंथून लघवी करणंही टाळा.

आठवडा-दहा दिवसांत सुधारणा नसेल तर टेप सैल करण्याबद्दल स्वतःहून विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत तोच टाका उघडून टेप किंचित खाली ओढता येते. त्यानंतर जाळीच्या छिद्रांत ऊती वाढतात, मग ती सरकत नाही, कापावीच लागते. कापल्यावर लघवी मोकळी होते आणि बऱ्याच जणींचा फायदा टिकतो, पण काहींची गळती परत येते. ‘महिनाभर बघू’ असं कुणी म्हणालं तर ही दोन आठवड्यांची मुदत लक्षात आणून द्या.

ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, चक्कर, जलद नाडी म्हणजे हाडामागे रक्तस्राव होत असू शकतो. उलट्या, ताप आणि कडक झालेलं पोट ही आतड्याला इजा झाल्याची खूण असू शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर रात्र काढू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

वेळ दिला तर चालतं ते

टीओटीनंतर जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला दुखतं. पॅरासिटामॉल घ्या, बेताने चाला, मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं टाळा. बहुतेकींचं काही आठवड्यांत थांबतं. सहा आठवड्यांनंतरही पाऊल टाकताना कळ येत असेल तर तपासणी हवी.

सारखी घाईची लघवी लागत असेल तर क्रम पाळा: आधी लघवीचं कल्चर, मग उरलेली लघवी, आणि शेवटी गोळी. मूत्रमार्ग टेपने दाबला गेलेला असताना सोलिफेनासिनसारखी मूत्राशय सैल करणारी गोळी सुरू केली तर लघवी आणखी तुंबते.

जाळी उघडी पडणं

हे महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतं. अंगावरून पांढरं किंवा लालसर जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, संबंधाच्या वेळी नवऱ्याला काहीतरी टोचतं. ही टोचण्याची गोष्ट लाजेपोटी सांगायची राहून जाते, पण निदानाला तिचा मोठा उपयोग होतो. एकच जागा असेल आणि ती एक चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊन पाहतात: सहसा दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा, आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर क्रीम सुरू करण्याआधी सांगा. जागा मोठी असेल किंवा तीन महिन्यांत भरली नाही तर योनीमार्गातला भाग कापून काढावा लागतो.

लघवीतून रक्त आणि पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग असेल तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स घेऊन गप्प बसू नका. दुर्बिणीने मूत्रमार्ग आणि मूत्राशय तपासून घ्या. जाळी आत शिरली असेल तर तिच्यावर खडे धरतात, आणि ती काढल्याशिवाय संसर्ग थांबत नाही.

संपूर्ण जाळी काढणं हे बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. असं काम नियमित करणाऱ्या यूरोगायनॅकॉलॉजी (स्त्रियांचे लघवीचे विकार) किंवा यूरॉलॉजी (मूत्रविकार) विभागातच जा. दुखणं पूर्ण थांबेल याची खात्री नसते आणि गळती परत येऊ शकते, तेव्हा पुढचा उपाय आधीच ठरवून घ्या. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, पोटातून टाके घालून केलेला आधार, किंवा स्वतःच्याच शरीरातल्या पट्टीची स्लिंग (मूत्रमार्गाखालची झोळी) हे जाळीशिवायचे मार्ग आहेत.

नेटवर वाचून घाबरण्याआधी एक फरक समजून घ्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यावर उपाय म्हणून योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची. गळतीच्या टेपना तो आदेश लागू नव्हता. इंग्लंडने मात्र जुलै 2018 मध्ये योनीमार्गातून बसवायच्या टेपही स्थगित केल्या. भारतात जाळीमुळे झालेला त्रास ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ या वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाकडे कळवता येतो. त्या अर्जात लॉट नंबर लागतो, तेव्हा स्टिकर बरोबर ठेवा.