स्वस्तातला डिसोल्डर पंप घेताना: बर्डीच्या काउंटरवर काय तपासायचं

मे महिन्याच्या दुपारी कूलरच्या मोटरचा स्पीड कंट्रोलर उघडून बसलेला माणूस नागपुरात नवलाईचा नाही. सोल्डर, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा वितळणारा धातू, मारायला सगळ्यांनाच येतं. मारलेलं काढताना, म्हणजे डिसोल्डर करताना, मात्र घोडं पेंड खातं. वितळलेलं सोल्डर स्प्रिंगच्या जोराने ओढून घेणारा हातातला पंप म्हणजे डिसोल्डर पंप. मग ऑनलाइन बघावं, तर शे-सव्वाशेच्या पंपापासून पाच आकडी किमतीच्या व्हॅक्यूम स्टेशनपर्यंत सगळं समोर येतं आणि डोकं गरगरतं. छंदापुरतं काम करणाऱ्याचं भागतं पाचशे रुपयांच्या आत. फक्त घेताना नीट बघून घ्यायचं.

१. आधी घरातले बोर्ड बघा

ज्यांवर हात चालवायचा आहे ते दोन-चार बोर्ड टेबलावर मांडा. जुन्या रेडिओ, चार्जर, रेग्युलेटरमध्ये तपकिरी, एका बाजूनेच तांब्याचे ट्रॅक असलेला बोर्ड असतो. त्याला साधा पंप पुरे. हिरवा, दोन्ही बाजूंनी ट्रॅक असलेला बोर्ड असेल तर भोकाच्या आतूनही तांब्याचा मुलामा असतो आणि सोल्डर भोकात शिरलेलं असतं. तिथे पंपाला जोर हवा आणि विकही (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी) लागते. पृष्ठभागावरच बसवलेले बारीक एसएमडी भाग असतील, तर पंप जवळजवळ निरुपयोगी.

आणि काढायचा भाग मेलेलाच असेल तर काहीच विकत घेऊ नका. निपरने (बारीक कटरने) आयसीचे, म्हणजे चिपचे, पाय कापा, धड बाजूला करा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढून घ्या. मेलेल्या आयसीवर अर्धा तास घालवून पॅड (पाय जिथे जोडतात तो बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

२. आयर्न पुरेसा गरम आहे ना?

पंप चालत नाही अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांचा खरा वांधा सोल्डरिंग आयर्नचा असतो. २५ वॅटचा साधा आयर्न छोट्या जोडाला ठीक. पण ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला टेकवला की सगळी उष्णता तांबंच पिऊन टाकतं. अशा जागी ६० वॅटचा किंवा तापमान ठरवता येणारा आयर्न लागतो.

एक युक्ती फुकटची आहे. जुन्या जोडावर आधी थोडं ताजं ६०/४० (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर लावा. अलीकडच्या बोर्डांवरचं शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं, तर ६०/४० हे १८३ अंशांनाच मऊ पडायला लागून १९० च्या आसपास पूर्ण वितळतं. दोन्ही मिसळले की जोड लवकर आणि एकसारखा वितळतो, सोबत ताजा फ्लक्सही (सोल्डर नीट पसरवणारा, राळेसारखा पदार्थ) मिळतो. काढायचं आहे त्यावर आणखी लावायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं, करून बघा.

३. पंप दुकानातच दाबून बघा

बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, पार्ट्सच्या दुकानात पंप मागितला की काउंटरवर दोन-तीन रंगांचे येतात. "सारखेच आहेत भाऊ, कोणताही घ्या," असं दुकानदार म्हणतो. सारखे नसतात. माझी तपासणी अशी:

दट्ट्या खाली दाबून अडकवा. नळीच्या तोंडावर अंगठ्याचं बोट थोडं ओलं करून घट्ट धरा आणि बटण दाबा. चांगल्या पंपात दट्ट्या थोडा वर येऊन अडखळतो, बोटाला ओढ जाणवते, आणि बोट काढलं की खाड्कन वर जातो. बोट असतानाच सरळ वर गेला, तर आतली रबरी रिंग हवा सोडते आहे. तो परत करा.

मग बटण दाबताना पंप हातात किती उडतो ते बघा. जास्त झटका बसणारा पंप नेमक्या वेळी जोडावरून सरकतो. दट्ट्या दाबताना आणि सोडताना त्याची दांडी तोंडासमोर येऊ देऊ नका. बाहेर उसळणाऱ्या दांडीभोवती कडं असलेला पंप त्यासाठीच बरा. नळीचं टोक पांढऱ्या टेफ्लॉनचं आणि बदलता येणारं हवं. सुटं टोक मिळत असेल तर तेही घेऊन ठेवा. धातूची बॉडी जास्त टिकते. दीड-दोनशेत चांगला पंप मिळतो.

टोकावर बारीक सिलिकॉन नळीचा तुकडा बसवला तर तो उष्णता सोसतो, जोडाभोवती घट्ट बसतो, आणि ओढ लक्षात येण्याइतकी वाढते.

४. विक: थोडी, पण ताजी

विक म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. २ ते २.५ मिलिमीटर रुंदीची एक छोटी रीळ पुरे. रंग लखलखीत तांब्याचा हवा; तपकिरी पडलेली विक सोल्डर ओढत नाही. तशी आधीच घरात असेल तर तिला थोडा फ्लक्स किंवा राळ लावली की जीव येतो.

घरी विक करायची तर जुन्या मल्टिस्ट्रँड वायरचे तांब्याचे तार राळेत बुडवून वापरा. केबल टीव्हीच्या वायरची जाळी घेऊ नका. ती बरेचदा ॲल्युमिनियमची असते आणि सोल्डर तिला चिकटतच नाही.

विक जोडावर ठेवा, वर आयर्न, आणि सोल्डर शोषलं गेलं की दोन्ही एकत्र उचला. मी एकदा आयर्न आधी काढला. विक तिथेच गोठली आणि घाईत ओढली, तर तपकिरी बोर्डवरचा पॅड ट्रॅकच्या तुकड्यासकट सोबत आला. शेवटी तुटलेल्या ट्रॅकच्या जागी वायरचा जंपर टाकून ॲम्प्लिफायर वाजता केला. पण तो जंपर अजून मला दिसतो. वापरलेला भाग लगेच कापून टाका, कारण लांब तुकडा उष्णता वाया घालवतो.

५. महागडं कधी?

गरम होणारी, मोटरने ओढणारी गन महिन्याला डझनभर बोर्ड काढत असाल तरच. तिचं टोक चोंदतं, सुईने साफ करावं लागतं, आणि टोकाचं भोक पायापेक्षा मोठं नसेल तर ती चालत नाही. एसएमडीचंच काम जास्त असेल तर हॉट एअर (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) आधी घ्या.

सामान घरी आलं की पहिला प्रयोग भंगारातल्या बोर्डवर करा, कूलर आणि पंखा बंद करून. वाऱ्याने आयर्नचं टोक थंड पडतं. घाम येतो, पर्याय नाही. खिडकी मात्र उघडी ठेवा, आणि काम झालं की पोह्यांच्या प्लेटला हात लावण्याआधी ते साबणाने धुवा, कारण ६०/४० सोल्डरमध्ये शिसं असतं. पंपातला चुरा कागदावर काढून गुंडाळून वेगळा ठेवा, रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, आणि दट्ट्या मोकळा सोडूनच पंप डब्यात टाका. दाबलेला राहिला तर स्प्रिंग ढिली पडते.