अठरा पूर्ण झाल्यावरची सुट्टी: कामं कोणत्या क्रमाने उरकायची

बारावीचा शेवटचा पेपर झाला की घरचे एकदम ‘आता मोठी झालीस’ म्हणतात आणि सगळी कामं गळ्यात पडतात. क्रम नीट लावला तर सुट्टीही मिळते.

आधी लर्निंग लायसन्स. आधारवरून अर्ज केला तर सारथी या सरकारी परिवहन पोर्टलवर घरबसल्या परीक्षा देता येते. ते 6 महिने चालतं, पण पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतरच. म्हणून एप्रिलमध्येच काढा. आईच्या ॲक्टिव्हावर सराव सकाळी सहाला. दिवसा लक्ष्मी रोडवर शिकणं म्हणजे निव्वळ आत्मक्लेश.

मग बँक. लहानपणीचं खातं आपोआप मोठं होत नाही. केवायसी (ओळख-पत्त्याची कागदपत्रं), फोटो आणि सहीचा नमुना नव्याने द्यावा लागतो. सही आधी वहीवर घोटून ठेवा. मी नावातला ‘ध’ फार झोकदार काढायचे. बाबा म्हणाले, “साधी कर गं, जन्मभर करायची आहे.” केली साधी. काउंटरवरच्या काकांनी “मॅडम, इथे सही” म्हटलं, तर मी मागे वळून आईकडे पाहिलं!

मतदार नोंदणीसाठी फॉर्म 6. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, यांपैकी कोणत्याही महिन्याच्या 1 तारखेला अठरा पूर्ण असले की झालं.

आधार आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या झेरॉक्स मात्र जास्तीच्या काढा. जन्मतारखेचा पुरावा सगळीकडे मागतात, आणि झेरॉक्सचं दुकान नेमकं तेव्हाच जेवायला बंद असतं.